जांभळी रेष हलेना

सोयाबीनची पोती तोलायच्या काट्यावर शिखा चपला काढून उभी राहिली आणि तिनं श्वास रोखून धरला.

"सोड गं तो श्वास," जगदेवरावमामा म्हणाले. "हवेचे पैसे लावत नाही मी."

"सेहेचाळीस!" शिखानं काटा स्वतःच वाचला आणि खाली उडी मारली. "बघा, सांगितलं होतं ना? सेहेचाळीस म्हणजे काहीच नाही. माझ्या वर्गात सगळ्यात हलकी मीच."

"कालचे दाल-बाफले वजा कर, मग अजून हलकी होशील," विमानाच्या पोटाखालून अंशुलचा आवाज आला. अंशुल म्हणजे मामांचा मुलगा. इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि वजन ऐंशीच्या पुढे. मामांच्या विमानात दुसऱ्या खुर्चीवर बसायचा विषय त्यानं स्वतःच मागे घेतला होता, कारण मामांनी त्याला एकदाच शांतपणे विचारलं होतं, "तू बसलास तर पेट्रोल कुठे ठेवू रे, खिशात?"

इथं सगळं त्या पेट्रोलवर येऊन अडत होतं. विमान दोन खुर्च्यांचं, मामांनी देवासच्या शेडमध्ये चार वर्षं खपून हातानं बांधलेलं. आता ते धारच्या हवाई पट्टीजवळ, भाड्यानं घेतलेल्या एका गोदामात राहत होतं. ठरावीक वजनाच्या वर एक किलोही चढवायचा नाही, हा मामांचा नियम. एकटे उडाले तर दोन्ही टाक्या काठोकाठ भरता येत, सत्तर लिटर. शिखा बसली की वजन नियमात बसवायला पेट्रोल कमी. मग पन्नास लिटरच.

आणि उद्या, रविवारी, लांबचं उड्डाण होतं. धारहून देवास, देवासच्या टेकडीला वळसा, तिथून नेमावर, नेमावरहून नर्मदा डावीकडे टाकून परत धार. मध्ये कुठेही उतरायचं नाही, कुठेही भरायचं नाही. अडीच तास. इंदूरच्या टॉवरची परवानगी उद्या सकाळचीच होती, आणि सोमवारपासून शिखाची सहामाही. म्हणजे उद्या नाही तर थेट उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात माळव्याची हवा अशी काही उसळते की मामा लांबचं नावच काढत नाहीत.

"तासाला पंधरा लिटर," शिखा बोटांवर हिशेब मांडत म्हणाली. "अडीच तासांचे झाले साधारण सदतीस. वर पाऊण तासाचं राखीव. पन्नासात बसतंय मामा! मी बसतेय!"

"बसतंय, जर पंधरा खरंच पंधरा असतील तर," मामा म्हणाले. "मोटारीचं बरं असतं पोरी, संपलं तर बाजूला लावता येते. म्हणून तुला नुसती हौस म्हणून नाही नेत. तू इंधन बघायचंस. मी समोर बघणार, तू वर."

वर म्हणजे पंखांच्या मुळाशी. या विमानाचे पंख डोक्यावर होते आणि प्रत्येक पंखात एक टाकी. दोन्ही टाक्यांचं पेट्रोल खाली उतरून एका पाइपला मिळायचं आणि तिथून इंजिनाला. आत बसलेल्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पारदर्शक नळी उभी होती. टाकीत जेवढं, तेवढंच नळीत दिसायचं. इतकं साधं.

त्या नळ्यांवरच्या रेषा शिखाच्या होत्या. मे महिन्यात विमानाच्या शेपटाखाली लाकडी घोडी लावून त्यांनी ते हवेत असतं तसं सरळ उभं केलं होतं आणि रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओतलं होतं. पाच लिटर ओतले की थांबायचं, नळीतलं हलायचं थांबलं की खूण. मार्करची खूण पेट्रोलचा हात लागला की पुसून जायची. मग शिखानं दप्तरातून नेलपॉलिश काढलं. डावीकडे जांभळं, उजवीकडे नारिंगी. अंशुलनं तिला इतकं चिडवलं होतं की बस्स. "भियाऽऽ, दुनियेतलं पहिलं ब्यूटी पार्लरवालं विमान!" पण रेषा आजही होत्या तिथेच, आणि मामा त्यांच्यावर अंशुलनं बसवलेल्या, इंजिनात किती पेट्रोल गेलं ते मोजणाऱ्या डिजिटल मीटरइतकाच भरवसा ठेवायचे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरणाऱ्या शिखाला त्या दोन रंगांनी काय दिलं होतं हे तिचं तिलाच ठाऊक.

आजची सकाळ शेवटच्या तपासणीची होती. मामा एकटे तासभर उडून आले. विमान धूळ उडवत गोदामापाशी येऊन थांबलं, पंखा फिरायचा थांबला, ते ढकलून आत फरशीवर घेतलं, आणि अंशुल मीटरवर झेपावला.

"पंधरा पॉइंट एक! पप्पा, पंधरा पॉइंट एक!"

शिखा दुसऱ्या बाजूनं आत चढली आणि रेषा वाचू लागली. डावीकडे दोन लिटर कमी. उजवीकडे तेरा. दोन आणि तेरा, पंधरा.

"टॅली!" अंशुलनं टाळी मागितली. "मीटर पंधरा, तुझं नेलपॉलिश पंधरा. उद्या तू उडतेयस, छोटी. पार्टी दे."

शिखानं टाळी दिली. पण तिचे डोळे डाव्या नळीवरच राहिले.

"डावीनं दोनच का दिले?"

"काय?"

"दोन्ही टाक्या सारख्या, सारख्याच भरलेल्या. मग उजवीचे तेरा नि डावीचे दोनच का?"

"अगं टोटल बरोबर आहे ना! टोटल बघायचं असतं. एका खिशातून दिले काय नि दुसऱ्या खिशातून दिले काय."

मामा रुमालानं मान पुसत आले. त्यांनीही नळ्यांकडे पाहिलं. "या गोदामाची फरशी उताराची आहे," ते म्हणाले. "पावसाचं पाणी जावं म्हणून डावीकडे उतार ठेवलाय. विमान तिकडे कललं की पेट्रोलही तिकडे सरकतं. मागच्या दोन्ही वेळेलाही असंच दिसलं होतं मला."

हे पटण्यासारखं होतं. शिखाला पटलंही, मोजून पाच मिनिटं. मग तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. उतारामुळे होत असेल, तर विमान उलटं फिरवलं की डावा पंख चढाच्या बाजूला येईल. मग पेट्रोल इकडून तिकडे जायला हवं. जायलाच हवं, खाली तर दोन्ही टाक्या एकाच पाइपला जोडलेल्या!

"अंशुल भिया, शेपूट धर ना."

"कशाला?"

"धर तर. तोंड भिंतीकडे करू."

"तुझ्या डोक्यात ना, स्क्रू नाही, पूर्ण गिअरबॉक्स ढिला आहे," अंशुल म्हणाला, पण त्यानं शेपूट उचलली. विमान हलकंच होतं. दोघांनी ते गर्रकन फिरवलं आणि तोंड भिंतीला केलं. शिखानं दोन्ही नळ्या बघून ठेवल्या आणि बाहेर येऊन चिंचेखाली बसली. तिथं शिखाची आई, माई, स्टोव्हवर कढई ठेवून पुऱ्यांची तयारी करत होती. मामा उड्डाण करणार म्हटलं की माई देवासहून डबे-कढया घेऊन यायचीच. भाऊ उपाशी उडू नये हा तिचा नियम मामांच्या वजनाच्या नियमाइतकाच कडक होता.

अर्ध्या तासानं शिखा आत गेली. जांभळ्या खुणांच्या नळीतली पेट्रोलची रेष जिथल्या तिथे. नारिंगीही. केसभरसुद्धा हलली नव्हती.

म्हणजे उतार नव्हे! तिला आधी आनंदच झाला, कोडं अजून सुटायचं बाकी आहे म्हणून होतो ना, तसा. उतार नव्हे, तर मग काय? डावीत एवढं जास्त, उजवीत एवढं कमी, खाली पाइप एकच, तरी डावीतलं जास्तीचं उजवीकडे येत नाही. काहीतरी डावीला धरून ठेवतंय. हवेतसुद्धा धरून ठेवत असणार.

आणि मग, पायरीवरून पाय निसटावा तसा, पुढचा विचार तिच्यावर आदळला.

उद्या पन्नास भरणार. पंचवीस डावीकडे, पंचवीस उजवीकडे. पण डावी देतच नसेल, तर इंजिनासाठी आहेत फक्त पंचवीस. तासाला पंधरा म्हणजे दोन तासही नाहीत. धार ते देवास, देवास ते नेमावर... नेमावरच्या पुढे, खाली सागवानाचं जंगल असेल तिथं, उजवी टाकी रिकामी होणार. मीटर बिचारा म्हणत राहील, अजून अर्धं पेट्रोल आहे.

शिखा विमानाच्या चाकाशी बसून राहिली. बाहेरून पुरीच्या तेलाचा वास येत होता, अंशुल कोणाशी तरी फोनवर हसत होता. मामांना सांगितलं की काय होणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. मामा नट निम्मा वळसा सैल असला तरी उडत नाहीत. उद्याचं रद्द. मग परीक्षा, मग थंडीचं धुकं, मग उन्हाळा. पुढच्या वर्षी बारावी, आणि माई तर बारावीचं नाव काढलं की टीव्हीसुद्धा बंद करते. आणि कोण जाणे, हवेत गेल्यावर डावी देईलही नीट. तासाभरात दोन लिटर तर दिलेच ना?

दोन लिटर. शिखानं नाक चोळलं आणि उठली.

"मामा, आपल्याकडे उद्या पन्नास लिटर नाहीत. पंचवीसच आहेत."

मामा पट्टीवरच्या वाऱ्याच्या कापडी मोज्याकडे बघत उभे होते. त्यांनी वळून तिचं सगळं ऐकलं, विमान फिरवल्याचं, रेष न हलल्याचं, जंगलाचं. मग आत जाऊन त्यांनी स्वतः नळ्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

"उद्या कोणी जात नाही," ते म्हणाले.

"पण कारण सापडलं तर?"

"सापडलं तर बघू. सापडेपर्यंत नाही." आणि मग जरा हळू, "तू बोललीस ते बरं केलंस. पण आता खुर्चीचं मनात धरू नकोस."

एवढं ऐकल्यावर कुणालाही रडू आलं असतं. शिखालाही येत होतं. म्हणून ती माईजवळ जाऊन बसली, धूर डोळ्यांत जातो हा बहाणा बरा.

"तेल कमी पडतंय," माई म्हणाली. "तो नवा डबा दे इकडे. नि तो खिळाही."

माईनं पत्र्याच्या डब्याच्या एका कोपऱ्यात खिळा ठोकला आणि डबा कढईवर तिरपा केला. तेल डचक् डचक् करत आलं, थांबलं, पुन्हा जरा आलं.

"हे बघ, विसरलेच," असं पुटपुटत माईनं डबा सरळ केला, समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं आणि पुन्हा तिरपा केला. आता तेलाची सरळ, शांत धार लागली.

शिखाचं रडू जागच्या जागी आटलं.

"माई! दुसरं भोक कशाला पाडलं?"

"कशाला म्हणजे? हवा आत नको जायला? हवा गेली नाही तर तेल बाहेर कसं येईल?"

"हवा!" शिखा किंचाळली. "माई, तू ग्रेट आहेस!"

"अगं पुरी तरी—"

पण शिखा पोचलीसुद्धा होती. स्टूल ओढून ती डाव्या पंखापाशी चढली. अंशुल फोन कानाला तसाच ठेवून धावत आला, मामा त्याच्यामागे.

"आत बसा कोणीतरी! नळ्यांकडे बघा!"

मामा आत बसले. शिखानं टाकीचं टोपण दोन्ही हातांनी पिळलं. ते नेहमीपेक्षा घट्ट होतं, कुणी आतून ओढून धरल्यासारखं. मग एकदम सैल झालं, आणि स्सऽऽप् असा आवाज आला, टाकीनं लांब श्वास ओढून घ्यावा तसा.



"उतरतेय," आतून मामांचा आवाज आला. "जांभळी उतरतेय. नारिंगी चढतेय."

अंशुलनं फोन बंद केला आणि खिडकीतून डोकं आत घातलं. खरंच, डावीकडचं पेट्रोल एकेक रेष खाली येत होतं, उजवीकडचं एकेक रेष वर. दोन्ही एकमेकांना भेटायला निघाल्यासारखी. शिखाला तिथून काही दिसत नव्हतं, पण तिला बघायची गरजही नव्हती. ती हातातल्या टोपणाकडे बघत होती. टोपणाच्या माथ्यावर हवेसाठी टाचणीएवढं भोक असतं, हे तिला माहीत होतं. भोक दिसत नव्हतं. त्या जागी लाल, वाळून टणक झालेला ठिपका होता आणि त्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा.

"मामा," ती हळूच म्हणाली, "हे खंडेनवमीचं आहे."

मामांचं घराणं खोगीर शिवणाऱ्यांचं. पवारांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज माळव्यात आले, देवासच्या पागेतल्या घोड्यांची खोगिरं त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिवली. घोडे गेले, खोगिरं गेली, पण कातडं शिवायची आरी घरात राहिली, आणि विमानाच्या पंखांवर कापड ताणून बरगड्यांना टाके घालायची वेळ आली तेव्हा मामांनी तीच आरी काढली. त्यांच्याकडे खंडेनवमीला हत्यारं मांडतात, आणि जिथं जिथं हात लागतो तिथं तिथं कुंकू लावतात. नुसतं कोरडं कुंकू नव्हे. लोखंडावरून झडून जाऊ नये म्हणून ते खळीत कालवतात, कातडं चिकटवायची ती कणकेची खळ. वर अक्षता. यंदा पहिल्यांदाच विमान पूजेला होतं. मामांनी विमान वळवायच्या दांड्याला लावलं, दाराच्या कडीला लावलं, पंख्याला लावलं आणि स्टुलावर चढून दोन्ही टोपणांना लावलं. उजवीकडचा ठिपका जरा कडेला पडला होता. डावीकडचा अगदी मधोमध.

मामांनी टोपण हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. त्यांचा चेहरा लालसर झाला होता.

"पप्पा," अंशुल म्हणाला, "पेट्रोलनं कसं नाही धुतलं गेलं हे?"

"खळ आहे बाबा. पेट्रोलला ती कुठे भीक घालते! पाण्यानंच सुटते." मग ते स्वतःशीच म्हणाले, "रोज टोपण घट्ट आहे का बघतो. भोक मोकळं आहे का, ते नाही बघितलं."

माई हाताला पीठ तसंच घेऊन दारात येऊन उभी होती. "दादा," ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, टोपणाला कशाला? तर तुम्ही म्हणालात, हात लागतो ना तिथं."

"म्हणालो होतो," मामा म्हणाले, आणि एकदम हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून आरी काढली, कपाळाला लावली, आणि ओल्या फडक्यानं ठिपका भिजवून भोक हलक्या हातानं मोकळं केलं. तांदळाचा दाणा त्यांनी खिशात टाकला. मग टोपण शिखासमोर धरलं. "फुंक."

शिखानं फुंकलं. पलीकडून मामांच्या तळव्याला हवा लागली.

"आता उद्या—" शिखानं सुरुवात केली.

"आधी जेवण. मग पुन्हा तासभर उडून येतो. त्यानंतर तुझ्या रेषा काय म्हणतात ते ऐकू."

दुपारी रेषा म्हणाल्या, डावी साडेसात, उजवी साडेसात. अंशुलनं स्वतःहून टाळी मागितली आणि वर म्हणाला, "नेलपॉलिशचा तो जांभळा शेड कोणता गं? मीटरवाल्या कंपनीला कळवतो."

रविवारी सकाळी निघताना माई आरतीचं तबक घेऊन आली. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि सवयीनं विमानाकडे वळली. तिघंही एका दमात ओरडले, "माईऽऽ!"

"ओरडता काय? अक्कल आहे मला," माई म्हणाली आणि कुंकू शिखाच्या कपाळाला लावलं.

मग धारचा किल्ला खाली गेला, रस्ते दोऱ्यासारखे झाले. देवासची टेकडी डाव्या पंखाखालून सरकली, तेव्हा मामांनी टेकडीवरच्या देवीला हात जोडले आणि शिखानं त्यांच्याकडून दोन मिनिटं वेग जरा कमी करवून घेतला. कमी वेगात मीटरचा आकडा किती उतरतो ते तिला बघायचं होतं. उतरला की! म्हणजे सावकाश गेलं तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये लांब जाता येईल? किती लांब? नागपूर? वारा मागून असेल तर? तिनं इतके प्रश्न विचारले की मामा म्हणाले, "उतरल्यावर, बाई, उतरल्यावर. सगळ्यांची उत्तरं मलाही नाही येत."

पुढे हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "शिखे, खाली बघ. नेमावर. नर्मदा काय सुंदर दिसतेय!"

"एक मिनिट, मामा."

"अगं, नर्मदा आहे! पुन्हा कधी अशी दिसायची?"

"थांबा ना! रेषेवर येतंय."

जांभळी रेष आधी आली की नारिंगी, हे सांगणं कठीण होतं. पेट्रोलची दोन्ही टोकं हलत, डुलत, बरोबरीनं दोन्ही रेषांवर येऊन टेकली. शिखानं दोन्हीकडे एकदा, पुन्हा एकदा पाहिलं.

"सारखं," ती म्हणाली. "दोन्हीकडे सारखं." आणि मग तिनं खिडकीला कपाळ टेकवून खाली बघितलं.

काचेवर कुंकवाचा गोल ठिपका उमटला. त्याच्या बाजूनं वाकून तिनं नर्मदा पाहिली.